रजेच्या जागेवरची बाई

गेल्या उन्हाळ्यात एक फोन आला. "बाई, मी आठवी ब मधला संदेश. मॉनिटर होतो. ओळखलंत?"

"ओळखलं की," मी म्हणाले. शिक्षकाला एवढं खोटं माफ असतं. दोन वाक्यं बोलल्यावर मात्र खरंच ओळखलं. उरलेले खडू खिशात घालून घरी नेणारा तो हाच. आता धाटावला एका कंपनीत शिफ्ट सांभाळतो. त्यांच्या दहावीच्या बॅचचा मेळावा रोह्याला भरणार होता आणि जुन्या शिक्षकांचा सत्कार करायचं ठरलं होतं.

"तुम्ही यायचंच, बाई."

"कोणाच्या बदली?" मी विचारलं.

तो खळखळून हसला. मी विनोद केला नव्हता. सव्वीस वर्षं ज्या ज्या शाळेत पाऊल टाकलं तिथे मी कोणाच्या तरी बदलीच गेले, त्यामुळे प्रश्न आपसूक तोंडातून निघून गेला.

ज्यांना शाळेच्या कारभाराची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. शाळेतल्या बाईंना बाळंतपणाची रजा लागते, एखाद्या सरांचं ऑपरेशन निघतं, कोणी पुढच्या शिक्षणाला जातं. मुलं मात्र रजेवर जात नाहीत. मग त्या मोकळ्या खुर्चीवर तेवढ्या महिन्यांपुरतं माणूस बसवतात. याला म्हणतात रजेच्या जागेवरची नेमणूक. नेमणुकीच्या कागदावर बाकी काहीही असो, शेवटची ओळ ठरलेली असते. मूळ शिक्षक रुजू झाले की आपली सेवा आपोआप संपली. आमच्यासारख्यांचं सगळं चरित्र त्या एका ओळीत येतं.

पेणपासून रोह्यापर्यंत कुठल्या शाळेतल्या बाईंना दिवस गेलेत, हे त्यांच्या सासूच्या आधी मला कळायचं. पेणला आमच्या शेजारच्यांकडे फोन यायचा, "म्हात्रेबाई, गणपतीनंतर मोकळ्या आहात ना?" मी मनातल्या मनात त्या बाईंचं डोहाळजेवण उरकून घ्यायची. विषय माझा मराठी, पण बदलीबाईला विषय नसतो. मी भूगोल शिकवला, चित्रकला शिकवली, आणि वडखळजवळच्या एका शाळेत साडीचा पदर खोचून दीड महिना पीटीसुद्धा घेतली. मुलींची खो-खोची टीम तालुक्यापर्यंत गेली. त्या टीमच्या फोटोत रजेवरून परतलेले सर आहेत, शिटी गळ्यात घालून.

कायम का झाला नाहीत, असं लोक विचारतात. माझ्यात काही खोट असावी असा त्यांचा सूर असतो. कधी भरती बंद होती, कधी ज्या जागेवर होते तिथे दुसऱ्या शाळेतले जास्तीचे शिक्षक आणून बसवले, कधी तुकडीच बंद झाली. असं करता करता वयाची अट ओलांडली. आमचे हे म्हणायचे, "तुझं म्हणजे पाहुणीसारखं झालं, जेवायच्या वेळेला पान मांडतात आणि हात धुतले की निघायचं." ते थट्टेत म्हणायचे, मीही हसायची. पण मला माझा वर्ग हवा होता. जूनमध्ये कॅटलॉगवर, म्हणजे वर्गाच्या हजेरीच्या वहीवर, माझ्या हातानं नावं लिहावीत आणि एप्रिलमध्ये त्याच मुलांच्या हातात निकाल द्यावा, एवढंच. ते एकदाही झालं नाही. आजही जूनचा पहिला आठवडा आला की माझा जीव थाऱ्यावर नसतो.

या कामाची म्हणून एक रीत असते, ती कोणी शिकवत नाही. पहिल्या दिवशी टेबल हलवायचं नाही. आधीच्या बाई ज्या रंगाच्या शाईनं वह्या तपासायच्या तीच शाई वापरायची. "आमच्या बाई असं नाही शिकवत," असं एखादी मुलगी म्हणणारच, तर तिच्याकडूनच शिकून घ्यायचं की त्या कसं शिकवतात. पेणच्या शाळेत असाल तर श्रावणात मुलांना रागवायचं नाही. घरोघरी गणपतीचे कारखाने, अर्धा वर्ग रात्रभर रंगकाम करून आलेला, हाताला गुलाबी रंग तसाच. अशा दिवसांत कविता म्हणून घ्यावी, व्याकरण काढू नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आपल्या मुदतीपलीकडचा शब्द मुलांना द्यायचा नाही. सहलीला नेईन, नाटक बसवीन, असलं काही बोलायचं नाही. त्या वेळी आपण तिथे असूच असं नसतं, आणि मुलांचा हिशेब फार पक्का असतो.

माझी स्वतःची आणखी एक सवय होती. जायच्या आदल्या दिवशी मी फुलस्केप कागदावर वर्गातल्या एकेका मुलाबद्दल एकेक ओळ लिहायची आणि तो कागद मूळ बाईंच्या खणात ठेवायची. याला फळ्यावरचं नीट दिसत नाही, पुढे बसवा. हिला सगळं येतं पण उभं केलं की रडू येतं. याचे वडील वारलेत, 'माझे बाबा' निबंध घालू नका. एकदा नागोठण्याच्या बाजूला बाळंतपणाहून परतलेल्या बाई तो कागद वाचता वाचता रडायला लागल्या. त्यांना घरी ठेवलेलं तीन महिन्यांचं लेकरू आठवत होतं आणि मला वर्ग सोडवत नव्हता. दोघी टीचर्सरूममध्ये समोरासमोर बसून रडलो. शिपाईमामांनी न सांगता दोन कप चहा आणून ठेवला आणि दार लोटून घेतलं.

आता आठवी ब बद्दल सांगते. रोह्यापासून कोलाडच्या रस्त्याला आत एक शाळा आहे, नाव घेत नाही. तिथल्या देसाईबाई आजारपणाच्या लांब रजेवर गेल्या आणि जूनमध्ये मला बोलावलं. देसाईबाई बहुतेक वर्षभर येणार नाहीत, असं सगळे म्हणत होते. त्यामुळे मी पहिल्यांदाच जरा हातपाय पसरून बसले.

त्या वर्गात मंदा होती. नदीकडच्या कातकरी वाडीतली. अंगानं किरकोळ, आवाज मात्र वर्गाबाहेर जाईल असा. अक्षराला अक्षर जोडत वाचायची, पण गप्प बसायची नाही. 'माझी आई' निबंधात बाकी सगळ्यांच्या आया गाइडमधल्या, पहाटे उठणाऱ्या आणि समईसारख्या तेवणाऱ्या. मंदानं चारच ओळी लिहिल्या होत्या. आई बिळात हात घालून खेकडा धरते. तेव्हा ती श्वास धरते. म्हणून मी पण धरते. खेकडा निघाला की दोघी सोडतो. मी तो निबंध टीचर्सरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवला. एक सर म्हणाले, "शुद्धलेखन बघा."

एकदा मी वर्गाला सांगितलं की पुस्तकाच्या शेवटी एक छान गोष्ट आहे, घरी वाचून या. दुसऱ्या दिवशी मंदा म्हणाली, "बाई, मागचा धडा वाचला. मला वाटलाच नव्हता मागं पन एवढं काय काय असल."

"म्हणजे?"

"मी पुस्तक अर्ध्यावरच सोडतं ना दरसाल."

मग कळलं. दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. मुकादम ट्रक घेऊन येतो आणि माणसं वीटभट्टीवर जातात, ती शिमगा उलटून गेल्यावर परततात. मंदा पहिलीपासून दरवर्षी पुस्तकाचा सुरुवातीचाच अर्धा भाग शिकली होती आणि वरच्या वर्गात ढकलली गेली होती. मीही तशीच. कुठल्याही वर्गाबरोबर मी एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नेलं नव्हतं. त्या दिवसापासून ती पोर माझी झाली. ऑफ तासाला तिला घेऊन बसायची. दिवाळीच्या तोंडावर ती एक अख्खं पान न अडखळता वाचायला लागली.

सुट्टीच्या आठवडाभर आधी मी तिच्या वाडीवर गेले. तिचे वडील, चांगूदादा, झोपडीची कुडाची भिंत सारवत होते. मी म्हटलं, या वर्षी मंदाला मागे ठेवा, आत्याकडे राहील, शाळा बुडणार नाही.

त्यांनी हात धुतले आणि माझ्यासाठी फळी टाकली. मग म्हणाले, "बाई, माजी ना नाय. पन मुकादम मानसं मोजून नेतो. पोरीचं हात बी मोजलंत त्यानं. मी बोललो तर तो ऐकाचा नाय. तुमी शालेची मानसं. तुमी समोर उभ्या ऱ्हायल्या तर तो काय बोलाचा नाय."

"कधी येतो ट्रक?"

"शाला उगडल्यावर पयल्या शनवारी. सकालला सात वाजता."

"मी येते," मी म्हणाले.

दारात उभी असलेली मंदा म्हणाली, "नक्की ना, बाई?"

"नक्की."

हा मुदतीपलीकडचा शब्द होता हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण चार महिने आपला म्हणून वर्ग सांभाळला की माणूस विसरतो की खुर्ची कोणाची आहे.

सुट्टी लागायच्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, देसाईबाईंची तब्येत सुधारली, सुट्टीनंतर त्या रुजू होतायत. कार्यमुक्तीचा कागद टाइप करून तयार होता. मी नेहमीसारखा फुलस्केप घेतला आणि बसले. सगळ्या वर्गाची एकेक ओळ लिहिली. मंदाच्या नावापाशी थांबले.

इथे मी खरं लिहिलं पाहिजे. मी तिची ओळ लिहिली नाही. शनिवारी मी स्वतः वाडीवर जाणारच होते, मग लिहायची काय गरज, अशी मी समजूत घातली. पण ते कारण नव्हतं. सगळी मुलं मी दरवेळी दुसऱ्यांच्या हवाली करत आले होते, ही एक मला द्यायची नव्हती. देसाईबाईंनी तिला वाचायला शिकवल्याचं श्रेय घ्यावं हे मला सोसलं नसतं. इतकी मी कोती झाले होते.

शाळा उघडल्या. शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्यांकडे माझ्यासाठी फोन आला. पेणच्या एका शाळेतले सर मोटारसायकलवरून पडले होते, पाय मोडला होता. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, उद्या सकाळी रुजू व्हा. सर पुढच्या वर्षी रिटायर होतायत. ते आता परत येतील असं वाटत नाही. ही जागा तुमचीच समजा."

ही जागा तुमचीच, हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मी म्हटलं, "सर, सोमवारी आले तर?" ते म्हणाले, "दुसऱ्या एक बाईही विचारून गेल्यायत." मी वाडीवर निरोप पोचवायचा विचार केला, पण तेव्हा तिथे फोन कुठला असणार? देसाईबाईंचा नंबर माझ्याकडे होता. शेजारच्यांच्या फोनपाशी मी पाच मिनिटं उभी राहिले आणि तो फिरवला नाही. काय सांगणार होते, कागदावर एक ओळ मुद्दाम गाळलीय म्हणून?

शनिवारी मी पेणच्या शाळेत रुजू झाले. रविवारी पहिल्या गाडीनं निघाले, वडखळ, नागोठणे, भिसे खिंड करत रोहा गाठलं आणि वाडीपर्यंत चालत गेले. दारांना काटक्या लावलेल्या. मंदाची आत्या तेवढी अंगणात वालाचं शेत राखायला बुजगावणं बांधत बसली होती.

"गेली," ती म्हणाली. एवढंच. पाणी दिलं आणि परत कामाला लागली.

शिमग्यानंतर मंदा शाळेत आली नाही. मी देसाईबाईंना पत्र घातलं, तेव्हा त्यांचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं, वाडीवरची मुलं दिवाळीनंतर येत नाहीत, मला वाटलं नेहमीचंच. तुम्ही एक ओळ लिहिली असती तर मी स्वतः गेले असते. त्या गेल्याही असत्या. मी उगाच त्यांना माझ्यापेक्षा कमी समजत होते.

आणि पेणची ती जागा? चार महिन्यांनी पाय बरा होऊन सर काठी टेकत हजर झाले. मी फुलस्केप लिहून त्यांच्या खणात ठेवला. त्यात एकही नाव गाळलं नाही. त्यानंतर कधीच गाळलं नाही.

तर मेळाव्याला गेले. हॉल सजवला होता, शाल-नारळ झालं, माझ्याबद्दल दोन मुली बोलल्या. मी शिकवलेली कविता त्यांनी चालीवर म्हणून दाखवली. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. कायमच्या शिक्षकांना निरोप समारंभ असतो. आमच्यासारख्यांना गेटपाशी मुलं हात हलवतात तेवढंच. मला वाटत होतं, या तालुक्यातल्या कितीतरी बदलीबाया आणि तासाच्या पैशांवर येणारे सर असे विरून गेलेत. त्यांच्या वाट्याच्या टाळ्याही मी एकटीच घेतेय.

जेवताना मी विचारलं, "मंदा नाही आली?"

"कोण मंदा?" संदेश म्हणाला. दहावी पास झालेल्यांचाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. ती त्यात असणार कशी?

एकीला आठवलं. "वाडीवरची ना? बाई, ती इथे वरसे गावात आमच्या बिल्डिंगमध्ये जिने झाडायला येते. आत्ता असेल."

तिनंच मला गाडीवरून नेलं. नव्या इमारतीच्या जिन्याखाली एक बाई बादलीत फडकं पिळत होती. अंगानं अजून किरकोळच. मला बघून क्षणभर थांबली आणि पहिल्यासारख्याच मोठ्या आवाजात ओरडली, "ओ बाई!"

आम्ही पायरीवर बसलो. नवरा टेम्पोवर आहे, आता भट्टीवर जात नाहीत, मुलगी आठवीला आहे, एक दिवस शाळा बुडवू देत नाही, असं सगळं तिनं भराभर सांगितलं. चांगूदादा मागेच गेले. मी तिचा हात धरला. इतक्या वर्षांत मनात शंभर वेळा म्हटलेलं वाक्य कसंबसं म्हटलं, "मंदा, मी त्या शनिवारी आले नाही गो."

"तुमी रयवारी आलंल्या. आत्या बोलली."

"सातचा ट्रक म्हणून... पेणला शाळेत रुजू होऊन पोचणं शक्यच नव्हतं."

"सातला कुटं गेला ट्रक?" ती हसली. "बा नं थांबवला ना. आदी बोलला कोंबडी सापडत नाय. मग बोलला टोपली तुटली, बांदाला पायजे. मुकादम शिव्या देत व्हता. बा बोलला, शालेच्या बाई हाईत, शब्द दिलाय, येतील. सारका रस्त्यावर जाऊन बगत व्हता. तीन वाजलं तवा गेला ट्रक."

तिच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. "तुमाला तास असल, असा वाटला आमाला," ती म्हणाली, आणि चहा आणायला वर गेली.

मी तिथे बसून राहिले. शनिवारी शाळा सकाळची असते. त्या दिवशी पेणच्या शाळेची घंटा साडेअकराला झाली. स्टँडवरून माझी घरची वाट. रोह्याची गाडी फलाटाला लागली होती, कंडक्टर दारात उभा राहून रोहा, रोहा ओरडत होता. त्या गाडीनं मी दोनच्या सुमाराला वाडीवर पोचले असते. ट्रक कधीच गेला असेल असं मी धरून चालले, आणि गाडीच्या पुढून रस्ता ओलांडून घरी गेले.